पहिलीची तुकडी नाकारण्याआधी वस्तीतली मुले मोजा : महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, महानगरपालिका
मा. प्रशासन अधिकारी, शिक्षण विभाग
मा. बालविकास प्रकल्प अधिकारी, नागरी प्रकल्प

विषय : प्रभागातील पहिलीचे प्रवेश, शाळांचे एकत्रीकरण आणि अंगणवाड्यांची जागा

महोदय,

येत्या जूनपासून आमच्या प्रभागातील महापालिका शाळेला पहिलीची वाढीव तुकडी मिळणार नाही, आणि महामार्गालगतच्या वस्तीतली कमी पटाची शाळा याच शाळेत विलीन करायची, असे शिक्षण विभागाने ठरवले आहे. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदे ठरवणाऱ्या मंजुरीत, पद नाही म्हणून तुकडी नाही. पट कमी आहे म्हणून शाळा नाही. जिथे नवी मुले बसवायला वर्ग नाही, तिथेच दुसऱ्या शाळेची मुलेही आणून बसवायची आहेत. दोन्ही निर्णय आकड्यांच्या आधारे घेतल्याचे सांगितले जाते. हे आकडे कुठून येतात, त्यांत कोणती मुले धरली जातात आणि कोणती वगळली जातात, ते आपल्यासमोर आणि नागरिकांसमोर मांडण्यासाठी हे पत्र आहे.

ते उघडपणे लिहिण्याचे कारण आहे. राज्यातल्या बहुतेक महापालिकांच्या मुदती 2020 ते 2022 या काळात संपल्या आणि निवडणूक झाली ती जानेवारी 2026 मध्ये. एवढी वर्षे तुकड्या, आरक्षणे, एकत्रीकरण, भाड्याच्या खोल्या असे सगळे विषय सभागृहाविना मार्गी लागत गेले. प्रश्न विचारणारे कोणी नव्हते. आता प्रभागाची प्रतिनिधी म्हणून ते विचारणे माझे काम आहे, आणि प्राथमिक शाळा चालवणे व त्यांना पुरेशी जागा देणे हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 नुसार पालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. सवड आणि पैसा असेल तेव्हा करायच्या ऐच्छिक कामांत ते मोडत नाही.

सर्वांत मोठी तक्रार मोजणीची आहे. बाकीच्या बहुतेक तक्रारी तिच्यातूनच निघतात.

शिक्षणहक्क कायदा 2009 च्या कलम 9 नुसार आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणे, त्याचा प्रवेश, हजेरी आणि आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होते की नाही यावर लक्ष ठेवणे, हे स्थानिक प्राधिकरणाचे काम आहे. कायद्याला हवी आहे ती राहणाऱ्या मुलांची नोंद. शिक्षण विभागाकडे आहे तो पट, म्हणजे आधीच दाखल झालेल्या मुलांची यादी. जे मूल दाखलच झाले नाही, ते या यादीत कसे दिसणार? आणि यादीत नाही म्हणून त्याच्यासाठी वर्गही नाही, अशी ही कोंडी आहे.

शेवटची जनगणना 2011 ची आहे. त्या वर्षी जन्मलेले मूल आज पंधरा वर्षांचे आहे, म्हणजे शिक्षणहक्काच्या वयातून बाहेरही पडले. पुढच्या जनगणनेतली माणसांची मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये आहे आणि तिचे प्रभागनिहाय तक्ते हाती यायला आणखी वेळ जाईल. मधल्या पंधरा वर्षांत शेतजमिनीवर मजले उभे राहिलेल्या प्रभागात 2011 ची लोकसंख्या धरून काहीही ठरवणे चुकीचे आहे.

संचमान्यतेची रीत वाढत्या वस्तीसाठी मुळातच एक वर्ष मागे चालते. पदे ठरतात 30 सप्टेंबरच्या पटावर. ती मंजूर होऊन शिक्षक प्रत्यक्ष हजर होईपर्यंत पुढचे वर्ष उजाडते, आणि तोवर आणखी चार इमारतींत लोक राहायला आलेले असतात. जुन्या गावठाणात पट उतरत असतो तेव्हा हीच रीत शाळेला वर्षभराचा श्वास देते. नव्या वस्तीत मात्र ती दरवर्षी एक तुकडी कमी पाडते. शिवाय मूल पटावर असून भागत नाही, त्याचे आधार वैध ठरावे लागते. जन्मदाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, जन्मतारखेत फरक, पाचव्या वर्षी करायचे बायोमेट्रिक राहून गेलेले, अशी मुले वर्गात रोज बसतात, पण पद मंजूर करताना ती धरली जात नाहीत. स्थलांतरित आणि भाडेकरू कुटुंबांत हे प्रमाण जास्त, आणि अशी कुटुंबे जास्त ती आमच्यासारख्या प्रभागांत. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने कमी पटाच्या शाळांसाठी निकष आणखी कडक केले. तो निर्णय बदलणे पालिकेच्या हातात नाही. आपल्या मुलांचे आधार दुरुस्त करून घेणे मात्र आहे, कारण जन्मनोंदीचे दप्तरच पालिकेचे आहे.

आता गरजेचा हिशेब करू. एक हजार सदनिकांचा प्रकल्प धरा. घरटी चार माणसे म्हणजे चार हजार वस्ती. 2011 मध्ये महाराष्ट्राच्या लोकसंख्येत सहा वर्षांपर्यंतची मुले सुमारे 12 टक्के होती. त्यानंतर जन्मदर घटला आहे, म्हणून 10 टक्केच धरते. नव्या इमारतींत तरुण जोडपी जास्त असतात, तेव्हा हा अंदाज हात राखूनच केलेला आहे. चारशे मुले, सात वयोगट, म्हणजे दरवर्षी पहिलीच्या वयाची सुमारे 57 मुले. त्यांतली निम्मी खासगी शाळांत गेली असे मानले तरी पहिली ते पाचवीला सुमारे 140 आणि सहावी ते आठवीला सुमारे 85 मुले उरतात. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीत 121 ते 200 मुलांना 5 शिक्षक लागतात, आणि सहावी ते आठवीत दर 35 मुलांमागे किमान एक, म्हणजे 3. प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, म्हणजे 8 खोल्या. त्यांवर मुख्याध्यापकांची खोली, स्वयंपाकघर, मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, मैदान आणि कुंपणभिंत. हे सगळे एका प्रकल्पासाठी, आणि आमच्या प्रभागात असे प्रकल्प शेजारी शेजारी उभे आहेत. भोगवटा प्रमाणपत्र देताना पालिका पाण्याची जोडणी, सांडपाणी, अग्निशमन, वाहनतळ हे सारे तपासते. या घरांतली मुले कोणत्या शाळेत जातील, हा प्रश्न त्या तपासणी यादीत असायला हवा.

दुसरी तक्रार अंतराची. राज्याच्या 2011 च्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी. एकत्रीकरणाच्या प्रस्तावात अंतर एक किलोमीटरच्या आत दाखवले आहे, पण ते नकाशावर सरळ रेषेत मोजलेले. त्या रेषेत महामार्ग आडवा येतो. भुयारी मार्गापर्यंत जाऊन, पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या त्या बोगद्यातून पलीकडे निघून, पुन्हा सेवारस्त्याने मागे येण्याचा जो रस्ता आहे तो मोजायला हवा. सहा वर्षांच्या मुलाला तो एकट्याने चालता येणार नाही, म्हणजे कामावर जाणाऱ्या आईला किंवा बापाला दिवसातून दोनदा हातचे काम सोडावे लागेल. ते जमत नाही तेव्हा पाचवीतली बहीण पहिलीतल्या भावाला घेऊन जाते, आणि काही महिन्यांत दोघांचीही हजेरी तुटू लागते. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेतून मिळणारा वाहतूक भत्ता वर्षाला 6,000 रुपयांपर्यंत आहे. शाळा भरते त्या दहा महिन्यांत तो वाटला तर महिन्याला 600 रुपये होतात, आणि तेवढ्यात शाळेची व्हॅन मिळत नाही.

त्या शाळेचा पट कमी का झाला, याचीही चौकशी व्हावी. पाच इयत्ता आणि दोन शिक्षक. त्यांतले एक मतदार याद्यांच्या आणि सर्वेक्षणांच्या कामाला गेले की दुसऱ्याच्या समोर पाचही इयत्ता. कायद्याच्या कलम 27 ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामे वगळता शिक्षकाला इतर अशैक्षणिक काम देण्यास मनाई केली आहे. जी कामे चालतात तीही दोन शिक्षकी शाळेतून माणूस उचलूनच करावीत असे कुठे लिहिलेले नाही. आवारात अंगणवाडी किंवा बालवाडी नाही, त्यामुळे तीन वर्षांचे मूल पहिल्यांदा बाहेर पडते ते गल्लीतल्या खासगी नर्सरीकडे, आणि मग तिथूनच पहिलीला जाते. पट उतरला तो वस्तीत मुले नाहीत म्हणून नव्हे. शाळेत मुलांना टिकवणाऱ्या गोष्टी एकेक करून काढून घेतल्या म्हणून तो उतरला.

तिसरी तक्रार जागेची, आणि इथे उशीर झाला तर पुन्हा दुरुस्ती होत नाही. विकास आराखड्यात शाळेसाठी आरक्षण टाकले म्हणजे शाळेला जागा मिळाली असा सामान्य माणसाचा समज असतो. तसे नसते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम 127 प्रमाणे दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक खरेदी सूचना, म्हणजे जागा विकत घ्या अशी नोटीस, बजावू शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत पालिकेने संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे कायमचे सुटते. सूचना येते नगररचना विभागात. शाळेची गरज माहीत असते शिक्षण विभागाला. पैसे असतात लेखा विभागाकडे. तिघांची एकत्र बैठक झाली नाही तर 24 महिने पत्रव्यवहारातच जातात. रोख मोबदला देणे परवडत नसेल तर विकास हक्क हस्तांतरण आहे, म्हणजे जागेच्या बदल्यात दुसरीकडे जादा बांधकामाचा हक्क; आरक्षण समायोजन आहे, ज्यात मालक काही भागावर शाळा बांधून देतो आणि उरलेल्यावर आपले बांधकाम करतो. डिसेंबर 2020 पासून लागू असलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत हे मार्ग दिलेले आहेत. मोठ्या प्रकल्पांतून सोडल्या जाणाऱ्या सुविधा भूखंडांवरही शाळा होऊ शकते. त्यांची यादी लोकांसमोर नसते, आणि पुढे त्या भूखंडांवर काय उभे राहिले ते कोणी विचारत नाही.

आता अंगणवाड्यांकडे येते. हा विषय एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा, म्हणजे राज्याच्या महिला व बालविकास विभागाचा, असे पालिकेत ऐकू येते. प्रकल्प कार्यालयात गेले की जागा देणे पालिकेचे काम असे उत्तर मिळते. मधल्या मध्ये मुले भाड्याच्या खोलीत बसतात. नागरी भागाचा निकष 400 ते 800 लोकसंख्येला एक अंगणवाडी, 800 ते 1,600 ला दोन, आणि पुढे दर आठशेमागे आणखी एक असा आहे. वरच्या हिशेबातल्या चार हजार वस्तीला पाच अंगणवाड्या हव्यात. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान 40 मुले आहेत, तिथल्या लोकांना अंगणवाडीची मागणीही करता येते. इमारतीचा निकष किमान 600 चौरस फूट आहे. विभागाच्या भाडेमर्यादेत मात्र आमच्या भागात मिळते ती चाळीतली एखादी खोली, पुष्कळदा पहिल्या मजल्यावर, अरुंद जिन्याची.

जागा अपुरी असली की नुसती गैरसोय होते असे नाही, मोजमापही चुकते. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी त्याला झोपवून, सपाट फळीवर, डोके एका टोकाला टेकवून आणि गुडघे सरळ धरून मोजायची असते. त्याला दोन माणसे आणि फळी ठेवायला मोकळी जमीन लागते. खोलीत चटया, धान्याच्या गोण्या आणि वीस मुले असतील तर सेविका त्याच मुलाला भिंतीला उभे करून उंची घेते. उभ्याने माप साधारण 0.7 सेंटीमीटरने कमी भरते. गुडघा वाकला तर त्याहून अधिक. उंची कमी नोंदली गेली की त्या उंचीला अपेक्षित वजनही कमी धरले जाते, आणि तीव्र कुपोषित मूल कागदावर मध्यम, मध्यम कुपोषित मूल साधारण दिसते. ते मग कुपोषित मुलांसाठीच्या नागरी बाल विकास केंद्रात दाखल होत नाही आणि त्याला जादा आहार सुरू होत नाही. वजनकाट्याखालची फरशी असमान असली तरी तीच गत. म्हणून सहा महिने ते पाच वर्षांच्या प्रत्येक मुलाचा दंडघेर स्वतंत्रपणे मोजला पाहिजे: 11.5 सेंटीमीटरच्या खाली तीव्र, 11.5 ते 12.5 मध्यम. दंडघेराची पट्टी उंचीवर अवलंबून नसते, त्यामुळे फळीवर निसटलेले मूल तिथे सापडू शकते. दोन मापांपैकी कोणत्याही एकात मूल तीव्र गटात आले तर ते तीव्रच धरायचे, हे पर्यवेक्षिकांनी प्रत्येक केंद्रात पुन्हा सांगायला हवे.

आहाराचेही असेच. तीन ते सहा वयाच्या मुलाला रोज ठरावीक उष्मांक आणि प्रथिने, तीव्र कुपोषित मुलाला त्याहून जास्त, वर्षातले 300 दिवस, असा हा हक्क आहे. यासाठी केंद्र सरकारने 2017 मध्ये ठरवलेला दर साधारण मुलामागे दिवसाला 8 रुपये होता. घरी न्यायच्या आहारासाठी जुलै 2025 पासून लाभार्थीचा चेहरा पडताळणे सक्तीचे झाले. बांधकामावर जाणारी आई अंगणवाडीच्या वेळेत कामावर असते, नोंदवलेला मोबाइल नवऱ्याजवळ असतो किंवा सिमकार्डच बदललेले असते. पडताळणी अडली की पाकीट अडते. महिन्यातून दोन दिवस संध्याकाळी वाटप ठेवले तर यातला मोठा भाग सुटेल. त्यासाठी सेविका आणि मदतनीस यांना त्या वेळेचा मोबदला द्यावा. त्यांच्यावर आणखी एक फुकटचे काम टाकू नये. डिसेंबर 2023 ते जानेवारी 2024 मध्ये त्यांनी 52 दिवसांचा संप केला तो मानधन, ग्रॅच्युइटी आणि निवृत्तिवेतन अशा साध्या मागण्यांसाठी, हे विसरता येत नाही.

बांधकाम मजुरांची मुले कोणत्याच आकड्यात नसतात. नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या कामगार संहिता लागू होईपर्यंत 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याच्या कलम 35 प्रमाणे पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तिथे पाळणाघर ठेवणे बंधनकारक होते. प्रत्यक्षात बायका मजुरीला असतात नवऱ्याच्या नावावर किंवा वेगवेगळ्या उपठेकेदारांकडे, आणि कोणाच्याच हजेरीत पन्नासचा आकडा भरत नव्हता. मुले वाळूच्या ढिगावर आणि लिफ्टच्या खड्ड्याशेजारी खेळतात. पालिकेच्या हातात यावर उपाय आहे: बांधकाम परवानगी तिचीच आहे. मजूर वस्तीतल्या मुलांची यादी, सगळ्या उपठेकेदारांकडच्या मिळून एकूण स्त्री मजुरांची संख्या आणि पाळणाघराची जागा, या तीन गोष्टी परवानगीच्या अटींत घाला आणि प्रत्येक तपासणीवेळी बघा. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश ही शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 9 मध्ये स्पष्ट लिहिलेली जबाबदारी आहे. गावाकडून शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाच्या शिक्षणाची नोंद असलेले कार्ड) घेऊन आलेल्या मुलाला त्याच दिवशी वर्गात बसवता येते.

शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांसाठी ठेवलेल्या पंचवीस टक्के राखीव प्रवेशांबद्दल थोडेच लिहिते, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. 9 फेब्रुवारी 2024 च्या दुरुस्तीने शासकीय किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातल्या खासगी शाळांना या जागांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे 2024 ला तिला स्थगिती दिली आणि 19 जुलै 2024 ला ती रद्द केली. जवळ सरकारी शाळा आहे, म्हणून खासगीतल्या जागेची गरज नाही, असा त्यामागचा विचार होता. आणि आज त्याच सरकारी शाळेला तुकडी नाकारली जाते आहे. पालिकेने एवढे तरी करावे की सोडतीत नाव आलेले मूल कागदामुळे बाद होऊ देऊ नये. सर्वांत जास्त अडते ते भाडेकरारावर, कारण तो नोंदणीकृत आणि अर्जाच्या आधीचा लागतो, आणि चाळमालक नोंदणी करून देत नाहीत. दुर्बल घटकाची एक लाख रुपयांची उत्पन्नमर्यादाही आता दोघे राबणाऱ्या कोणत्याही मजूर कुटुंबाकडून ओलांडली जातेच. ती वाढवण्याची शिफारस सभागृहाने ठराव करून राज्याकडे पाठवावी.

सातवीनंतरचा खड्डा वेगळा आहे. कायदा आठवीपर्यंत आहे आणि आमची शाळा सातवीला संपते. आठवीसाठी मुलगा अनुदानित हायस्कूलकडे जातो, तिथे जागा नसते किंवा वाढीव शुल्क मागितले जाते. मुली तर इथेच थांबतात. पालिकेने आठवीचा वर्ग जोडला तर हे एका खोलीत आणि एका शिक्षकात सुटणारे काम आहे.

दिव्यांग मुलांचा उल्लेख एकत्रीकरणाच्या प्रस्तावात एका ओळीतही नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ठरावीक प्रमाणात अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वयाच्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. त्यासाठी उताराचा रस्ता, रेलिंग, बसता येईल असे स्वच्छतागृह आणि फिरता विशेष शिक्षक लागतो. महामार्गाच्या अलीकडची शाळा बंद केली तर चाकाच्या खुर्चीतले मूल पायऱ्यांच्या भुयारी मार्गाने पलीकडे कसे जाणार, याचे उत्तर निर्णय घेणाऱ्यांनी द्यायचे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीची तपासणी वर्षातून दोनदा आणि शाळेची एकदा होते. त्यात ऐकू न येणे, दिसण्यातला दोष, वाढीतला उशीर लक्षात येतो, पण पुढच्या उपचारांची चिठ्ठी पालकाच्या हातात देऊन काम संपते. मूल उपचाराला पोहोचले की नाही याची नोंद शाळेत किंवा अंगणवाडीत असलीच पाहिजे.

पालकांसाठी इथे थोडे लिहिणे भाग आहे. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही (कलम 14). वर्ष सुरू झाले आहे म्हणूनही नाही (कलम 15). आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, हेही प्रवेश अडवण्याचे कारण होत नाही (कलम 5). वय वाढलेले शाळाबाह्य मूल वयाप्रमाणे वर्गात बसते आणि त्याला विशेष प्रशिक्षण मिळते (कलम 4). नकार मिळाला तर तोंडी वाद घालू नका. मुलाचे नाव, जन्मतारीख, पत्ता, शाळा, तारीख आणि नकाराचे कारण लिहून कलम 32 खाली पालिकेकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तीन महिन्यांत निर्णय देणे पालिकेला बंधनकारक आहे. समाधान झाले नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते.

महोदय, माझ्या मागण्या या आहेत.

1. एकत्रीकरणाचा आणि तुकडी नाकारण्याचा निर्णय मोजणी पूर्ण होईपर्यंत स्थगित ठेवावा. जूनमध्ये आलेल्या प्रत्येक मुलाला प्रवेश द्यावा आणि शिक्षकाची तात्पुरती सोय पालिका निधीतून करावी.

2. सहा आठवड्यांत प्रभागातील चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची वस्तीनिहाय, इमारतनिहाय आणि जन्मवर्षनिहाय यादी करावी. त्यासाठी लागणारी दप्तरे पालिकेकडे आणि प्रकल्प कार्यालयात आहेतच: लसीकरणाच्या नोंदी, अंगणवाडीचे सर्वेक्षण रजिस्टर, जन्मनोंदीतला आईवडिलांचा पत्ता, भोगवटा प्रमाणपत्रे आणि मजूर वस्त्यांची माहिती. ती एकमेकांशी ताडून मग घरोघर पडताळणी करावी. जन्मनोंद रुग्णालयाच्या ठिकाणी होते, म्हणून ती पत्त्यावरून प्रभागात आणावी लागेल, हे ध्यानात ठेवावे. या कामाला शिक्षक लावू नयेत. मुलांची नावे गुप्त ठेवून संख्यांचा तक्ता प्रसिद्ध करावा.

3. 30 सप्टेंबरपूर्वी प्रत्येक शाळेत आधार आणि जन्मदाखला दुरुस्तीचे शिबिर घ्यावे, जन्मनोंदणी विभागाचा कर्मचारी तिथे बसवावा.

4. शाळेपर्यंतचे अंतर चालण्याच्या रस्त्याने मोजावे, पालकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला बरोबर घेऊन, आणि पावसाळ्यातल्या एका दिवशीही.

5. शिक्षणासाठीची सर्व आरक्षणे, त्यांच्या मुदती, आलेल्या खरेदी सूचना आणि सुविधा भूखंड यांची यादी संकेतस्थळावर टाकावी. खरेदी सूचना आल्यापासून तीस दिवसांत ती सर्वसाधारण सभेपुढे ठेवावी.

6. मोठ्या गृहप्रकल्पाच्या परवानगीच्या फाइलमध्ये शिक्षण विभागाचे आणि बालविकास प्रकल्पाचे लेखी मत बंधनकारक करावे.

7. महापालिका शाळांतल्या तळमजल्यावरच्या रिकाम्या खोल्या अंगणवाड्यांसाठी द्याव्यात. वीज, पाणी आणि स्वच्छतागृहासह. पहिली खोली महामार्गालगतच्या शाळेतली असावी.

8. त्या शाळेत दोन शिक्षकांशिवाय पालिकेने आपल्या खर्चाने तिसरा शिक्षक एका वर्षासाठी द्यावा आणि त्यानंतर पट पुन्हा बघावा.

9. आमच्या मुख्य शाळेत आठवीचा वर्ग सुरू करावा.

यांपैकी कोणती मागणी मान्य, कोणती अमान्य आणि कोणती राज्याकडे पाठवावी लागेल, हे मुद्द्यानुसार लेखी कळवावे. पुढच्या सर्वसाधारण सभेत एकत्रीकरण स्थगितीचा ठराव मी मांडणार आहे. त्या सभेआधी मागणी क्रमांक 4 मधली अंतराची मोजणी झालेली असावी, म्हणजे सभागृहाला नकाशावरच्या रेषेऐवजी मुलांच्या रस्त्यावर मत देता येईल. मोजणीच्या दिवशी भुयारी मार्गाच्या तोंडाशी पालकांसह मी हजर राहीन. तारीख आणि वेळ शिक्षण विभागाने ठरवावी.

आपली,
प्रभागाची नगरसेविका